काशीद ते दादर: एसटी, बोट आणि सासूबाईंचे गुडघे

काशीदला रेल्वे नाही. अलिबागलाही नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेत, पण त्यांवरून खत जातं, माणसं जात नाहीत. तेव्हा स्वतःची गाडी नसली, की काशीदहून मुंबई गाठायला एसटीने पेण-पनवेल करायचं, किंवा अलिबागमार्गे मांडवा आणि तिथून बोट. रस्त्याने अलिबाग-मुंबई शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं आणि वडखळ नाक्याला काय वाढून ठेवलंय ते आधी कुणी सांगू शकत नाही. मांडव्याहून गेटवे समुद्रातून तासाभराचं.

आमच्याकडे गाडी होती, पण ती नवरा आणि मुलगा दिवेआगरला घेऊन जाणार होते. सासूबाईंना मंगळवारी सकाळी दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती, ती चुकवून चालणार नव्हतं. म्हणून सोमवारी मी आणि त्या असं दोघींनीच निघायचं ठरलं. आईंचं वय ७८. डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण दोन्ही गुडघे संपावर. सपाटीवर त्या काठी टेकत निवांत किलोमीटरभर चालतील. पायरी आली की थांबतात, तिच्याकडे बघतात आणि मग ठरवतात.

मांडव्यामार्गे जाणाऱ्यांना सगळे वेळापत्रक सांगतात. जिथे जिथे पाय उचलावा लागतो त्या जागा कुणी सांगत नाही. पण वय झालेल्या माणसाला घेऊन निघालात तर अंतर किती आणि गाड्या किती वेळा बदलायच्या, याने फार बिघडत नाही. चढणं-उतरणं किती, हा खरा प्रश्न असतो.

वेळेचा हिशोब मी उलटा केला. आधी बोट ठरवली. बोट कंपन्यांची तिकिटं अलिबागमधूनच मिळतात आणि अलिबाग ते मांडवा बस त्याच तिकिटात असते. ती बस बोटीच्या वेळेआधी तास-सव्वा तास सुटते. पीएनपी, मालदार, अजंठा अशा निरनिराळ्या कंपन्या आहेत, आणि एकीचं तिकीट दुसरीच्या बोटीला चालत नाही, हे नव्या माणसाला माहीत नसतं. बसच्या वेळेआधी स्टँडवर अर्धा तास हाताशी हवा, काशीदहून अलिबाग दीड तास धरावा, आणि रस्त्यावर एसटीची वाट बघण्यात अर्धा तास जाईल असं गृहीत धरावं. असं मागे मागे येत गेलं की सकाळचा चहा किती वाजता टाकायचा ते आपोआप कळतं.

काशीदला स्टँड नाही. मुरुडहून येणाऱ्या गाड्यांना रस्त्यावर हात दाखवायचा. गाडी कधी येते हे विचारायचं तर नारळपाणीवाल्याला विचारावं, कारण त्याचा दिवस त्या गाड्यांवरच चालतो. त्याने रस्त्याकडे न बघताच सांगितलं, "आता येईल ती बोरिवली असंल, तिच्यात बसू नका, मागची अलिबाग आहे." तसंच झालं. बोरिवली गाडी भरून गेली, मागची अलिबाग निम्मी रिकामी.

पहिली परीक्षा इथेच होती. एसटीची खालची पायरी धडधाकट माणसालाही उंच वाटते. त्यात रस्त्याकडेची जमीन खचलेली, म्हणजे आणखी वीतभर भर. मी ड्रायव्हरदादांना म्हटलं, "दादा, आजी आहेत, जरा पुढे त्या दगडाच्या कडेला घेता का?" त्यांनी काही न बोलता गाडी चार फूट पुढे घेतली. तिथे कठड्याचा एक तुटका दगड होता, त्यावर चढून आई आत गेल्या. रस्त्यावर एसटी पकडायची असेल तर आधी पाच मिनिटं अशी उंचवट्याची जागा हेरून ठेवावी. ड्रायव्हर थांबतात. गर्दीच्या वेळी सुद्धा थांबतात, फक्त त्यांना गाडी थांबायच्या आधी सांगावं लागतं.

कंडक्टर आले. माझं अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. आईंना ७५ च्या पुढच्या म्हणून पूर्ण मोफत, पण तिकीट मात्र द्यावंच लागतं. "आजी, आधार?" आईंनी पर्समधून कार्ड काढून दिलं आणि म्हणाल्या, "जन्मतारीख नीट बघून घ्या, मागाहून तक्रार नको." यंत्रातून शून्य रुपयाचं तिकीट बाहेर आलं. ते त्यांनी घडी करून कार्डाबरोबर ठेवलं. ज्येष्ठांबरोबर जाताना मूळ आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, सामानाच्या तळाशी नको. आणि ही सवलत एसटीपुरतीच, बोटीला तिचा उपयोग नाही.

काशीद ते रेवदंडा हा रस्ता कुठल्याही खासगी गाडीपेक्षा एसटीच्या खिडकीतून चांगला दिसतो, कारण आपण कुंपणाच्या वर बसलेलो असतो. डाव्या हाताला समुद्र, मग बोर्ली, मग कोर्लईचा किल्ला. त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. साळावच्या पुलावर गाडीचा वेग उतरतो, खाली कुंडलिकेची खाडी. पुलापलीकडे रेवदंडा, तिथे शेजारच्या बाकावरच्या मावशी त्यांची रिकामी टोपली घेऊन उतरल्या. पहाटे मासळी विकून त्या परत निघाल्या होत्या. उतरता उतरता आईंना म्हणाल्या, "बोटीनं चाललाव? आज काय तिथ?"

आई म्हणाल्या, "अष्टमी."

"मग बरं हाय. भांग हाय, पाणी गप असंल."

मला हे पुढे चौलपर्यंत आईंनी समजावून सांगितलं. त्यांचं माहेर गुहागरकडचं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमाराला. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. "आपण बाराला त्या गेटवेला उतरणार. ओहोटी असली तरी पाणी पार तळाला गेलेलं नसेल," त्या म्हणाल्या, "म्हणजे पायऱ्या कमी." मी मोबाईलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडलं. थोडी मिनिटं इकडेतिकडे, बाकी बरोबर.

चौल, नागाव मागे पडलं आणि अलिबाग आलं. रेवदंड्याहून अलिबागला मिनीडोरही (सहा आसनी रिक्षा) भरपूर चालतात, एसटी चुकली तर तो उपाय आहे. पण मिनीडोरात मागे वाकून शिरावं लागतं आणि गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. आईंसाठी तो शेवटचा पर्याय होता, आणि त्याची गरज पडली नाही.

स्टँडच्या जवळच बोटीच्या तिकिटाची खिडकी. आत बसलेल्या मुलाने मान न वर करता सांगितलं, "ही फुल आहे, पुढची देऊ?" सोमवार होता. शनिवार-रविवारचे पाहुणे एक दिवस जास्त राहून आमच्याबरोबरच परतत होते. घ्यायची होती त्या बोटीचं तिकीट गेलं, पण हाताशी ठेवलेला वेळ इथेच कामाला आला. मी पुढचीचं घेतलं. आईंना एका हॉटेलात बसवून साबुदाणा खिचडी मागवली. इथे एक सांगते: बाथरूमला अलिबागमध्येच जाऊन घ्या. एखादं बरं हॉटेल बघून चहा घ्यायचा आणि ते काम उरकायचं. बोटीतली सोय हलत्या फरशीवर असते, आणि काठी घेऊन ते जमत नाही.

कंपनीची बस चोंढी, झिराडवरून मांडव्याला. या बसची पायरी एसटीपेक्षा खाली होती. आईंनी याची खास नोंद घेतली.

मांडव्याला उतरल्यावर धक्क्यावर चालायचं अंतर बरंच आहे. लोक इथे पळतात, कारण आधी पोचलं तर खिडकी. आपण पळू नये. मी सरळ खलाशांपैकी एकाला गाठून म्हटलं, "आजींना सगळ्यांच्या शेवटी चढवाल का?" सुरुवातीला चढवा असं बहुतेक लोक म्हणतात, पण मागे रांग ढकलत असताना हळू पाय टाकणं अशक्य होतं. शेवटी चढलं की सगळा वेळ आपला. जागा मिळत नाही असं होत नाही, तिकिटं मोजूनच दिलेली असतात.

बोट धक्क्याला बांधलेली असली तरी स्थिर नसते. कठडा वर येतो, खाली जातो, आणि मध्ये पाणी दिसतं. आई थांबल्या. बघितलं. खलाशी मुलगा विशीतला असेल. त्याने एक पाय बोटीत, एक धक्क्यावर ठेवला, आईंची काठी माझ्याकडे दिली आणि त्यांचे दोन्ही दंड कोपराच्या वर धरले. "आजी, खाली नका बघू. मी म्हणेन तेव्हाच. आत्ता नको. आत्ता नको. हां, आता!" कठडा वर आलेल्या क्षणी त्यांचा पाय पडला, आणि त्या आत होत्या. त्यात बळाचा भाग थोडाच, सगळी किमया वेळ साधण्याची. आपण घरचे लोक नेमकं उलट करतो, हात ओढतो. ओढलेल्या हातामागे गुडघा येत नाही. त्या मुलाने हात वर नेलाच नाही, फक्त तोल धरला.

आम्ही खालच्याच मजल्यावर दाराजवळ बसलो. वरचा मजला हवेशीर, पण तिथे जिना आहे. लाईफ जॅकेट घालायला लावलं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसं गेली, तेव्हापासून याबाबत कडकपणा आहे. ते जॅकेट घालताना समोरच्या बाकावरचे दोन तरुण कुरकुरत होते. आईंनी आपला पट्टा आवळून घेतला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनीही आवळले.

थंडीचे दिवस असल्याने बोटीमागे समुद्रपक्ष्यांचा थवा होता आणि वरच्या मजल्यावरून त्यांना कुरकुरे फेकणं चालू होतं. पाणी खरंच गप्प होतं. मासळीवाल्या मावशींचं गणित चुकलं नाही. तासाभराने ताजचा घुमट दिसायला लागला.

गेटवेला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते, म्हणजे ओहोटी. धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर पाण्याच्या रेषेखालचा भाग हिरवा आणि निसरडा असतो, आणि उतरताना पाऊल नेमकं त्याच्या जवळ पडतं. भांग असल्यामुळे ओल्या पायऱ्या थोड्या होत्या, पण होत्या. इथे आम्ही पुन्हा सगळ्यांच्या शेवटी उतरलो. मी एक पायरी मागे, कारण चढताना माणूस मागे पडतो. एक पायरी, थांबायचं, पुढची पायरी. वरून खाली बोटींकडे जाणाऱ्यांची रांग आमच्या अंगावरून चालली होती. आईंनी काठी आडवी धरली आणि रांग आपोआप एका बाजूला झाली.

वर आल्यावर पहिल्या टॅक्सीवाल्याने हुतात्मा चौक ऐकूनच मान फिरवली, दुसरा तयार झाला. सीएसएमटीला जाऊन लोकल घेण्यापेक्षा मी मुद्दाम मेट्रो धरली. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी लाईन कफ परेडपर्यंत आहे आणि हुतात्मा चौकात लिफ्ट आहे. रस्त्यावरून थेट खाली, आत सपाट, दादरला पुन्हा लिफ्टने वर. लोकलच्या डब्यात चढताना फलाट आणि पायरी यांच्यातलं अंतर बघून आई हल्ली नकोच म्हणतात. मेट्रोत त्यांना अडायला काही सापडलं नाही, तेव्हा त्या एसीवर घसरल्या, फार गार आहे म्हणून.

हे सगळं कोरड्या ऋतूतलं. साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या या बोटी बंद असतात. तेव्हा अलिबागहून पनवेलची विनाथांबा एसटी घ्यावी आणि पनवेलला हार्बर लोकल धरावी. गाडी तिथूनच सुटत असल्याने घाई न करता चढता येतं आणि बसायला जागा मिळते. स्टँड ते स्टेशन रिक्षा करा, चालत नेऊ नका.

गुडघे फारच त्रास देत असतील, तर मांडव्याहूनच भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बघा. ती २०२० पासून सुरू आहे. तीत मोटारी चढतात त्याच उतारावरून माणसंही चालत आत जातात, पाण्यावरून पाय टाकायचा प्रश्न येत नाही. फेऱ्या मात्र कमी, त्यामुळे उलटा हिशोब आणखी काटेकोर करावा लागतो. भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर टॅक्सी मिळते, पण मासळीबाजाराच्या वेळेला रस्ता ओला असतो. चांगली पकड असलेल्या चपला घालून निघा.