मशीन मी बंद केली

एका मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या एपिसोडमध्ये सूत्रसंचालिकेने कॅमेऱ्यासमोर डोक्याचा गोटा केला, तेव्हा विग होता का, हे गेल्या काही महिन्यांत मला किमान पन्नास जणांनी विचारलंय. नव्हता. टक्कल दाखवायला घालतात ती बाल्ड कॅपही नव्हती. खरे केस, खरी मशीन, आणि मशीन माझ्या हातात. पण एपिसोडमध्ये जे दिसतं ते सगळं तसंच्या तसं झालेलं नाहीये, मधली वीस-पंचवीस मिनिटं त्यात नाहीत, आणि माझ्या डोक्यातून तीच जात नाहीत म्हणून लिहितेय.

मी हेअर करते. मालिका, जाहिराती, आता हे वेबवाले कार्यक्रम. आमच्या इंडस्ट्रीत कितीतरी वर्षं मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त केस, असा युनियनचाच नियम होता, तो २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडून काढला. आता माझ्याकडे युनियनचं मेकअपचंही कार्ड आहे. पण मी केसच करते, कारण ते काम माझ्या घरातलं आहे. परळला बाबांचं सलून होतं. मुलीने वस्तरा धरायचा नाही असं आजीचं मत, म्हणून बाबा रात्री शटर अर्धं ओढून मला शिकवायचे, फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा, फुगा फुटला की त्या दिवसाचं शिकणं संपलं. आणि शिकवता शिकवता दर दोन-चार महिन्यांनी एक गोष्ट हमखास सांगायचे, १८९० ची. मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. बाबा म्हणायचे, कायदा नंतर बघू, आधी हत्यार ज्याच्या हातात आहे त्याने ते खाली ठेवायला शिकलं पाहिजे. बाईच्या डोक्याला हात लावायच्या आधी तिला विचार, आणि मधे पण विचार.

तर हे मॅडमचं काम. नाव लिहीत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक मोठी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, मग थोड्या मालिका, मग सूत्रसंचालन, दोन पुस्तकं, आता स्वतःचा मुलाखतींचा कार्यक्रम. त्यात त्यांनी एक खास एपिसोड ठरवला पर्सिस खंबाटावर. आजच्या मुलींना हे नावच माहीत नाही, माझ्या असिस्टंटलाही नव्हतं. मुंबईची पारशी मुलगी, १९४८ चा जन्म, सोळाव्या वर्षी १९६५ ची फेमिना मिस इंडिया. त्याच वर्षी मिस युनिव्हर्सला गेली ती ऐनवेळी दुकानातून घेतलेले तयार कपडे घालून. आज स्पर्धेला निघालेल्या मुलीमागे किती माणसं असतात ते मी बघते, त्यामुळे हे ऐकून मला तिचं भारी कौतुक वाटलं. पुढे हॉलिवूड, आणि १९७९ चा स्टार ट्रेकचा पहिला सिनेमा, ज्यात तिने लेफ्टनंट इलियाचं काम केलं आणि त्यासाठी डोक्याचा पूर्ण गोटा केला. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार द्यायला स्टेजवर गेलेली पहिली भारतीय तीच. १९९७ मध्ये तिने मिस इंडिया झालेल्या मुलींवर 'प्राइड ऑफ इंडिया' हे पुस्तक काढलं, मदर तेरेसांना अर्पण केलं, त्याच्या मानधनातला वाटाही मिशनरीज ऑफ चॅरिटीला दिला. आणि पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९९८ ला, मुंबईत हार्ट अटॅकने गेली. वय एकोणपन्नास. मॅडमनाही नुकतंच एकोणपन्नासावं लागलं होतं, म्हणून ह्याच वर्षी करायचं म्हणाल्या.

कल्पना अशी की मॅडम खुर्चीत बसून पर्सिसची गोष्ट वाचणार, मी मागे उभी राहून त्यांचं डोकं करणार, तीन कॅमेरे, एकच टेक. रिटेक शक्यच नाही. लाइन प्रोड्युसर फोनवर रेटसाठी घासाघीस करत म्हणाला, दीदी फक्त मशीनच तर फिरवायची आहे. हे वाक्य ज्याला ज्याला बोलावंसं वाटतं त्याने एकदा लांब केसांत मशीन घालून बघावी.

मशीन आखूड केसांसाठी असते. लांब केस ब्लेडमध्ये गुंडाळले जातात, मग मशीन कापत नाही, ओढते, आणि ओढलं की माणूस मान हलवतो आणि मान हलली की लागतं. सरळ रीत अशी की केस चार भागांत बांधायचे, रबर लावून वेण्या घालायच्या, कात्रीने वेण्या वेगळ्या करायच्या (त्या दानाला जातात, कॅन्सरच्या पेशंटच्या विगसाठी), मग गार्ड (ब्लेडवर बसतो तो कंगवा) लावून मशीन, मग गार्ड काढून झिरो, मग गरम टॉवेल, फेस आणि वस्तरा. डायरेक्टरला हे नको होतं. पोरगा हुशार आहे, फ्रेम छान लावतो, पण माणसाच्या डोक्याला कातडी असते हे त्याच्या हिशेबात नाही. त्याला कपाळापासून मागे एकच पट्टा जाताना आणि लांब केस खांद्यावरून घसरून पडताना हवे होते. शेवटी मी आदल्या दिवशी मॅडमच्या घरी जाऊन आतले थर कात्रीने हलके केले, वर नुसता पडदा ठेवला. टाळू तपासली. उजव्या कानामागे एक तीळ, मागे एक जुनी खोक, भोवरा डावीकडे. हे सगळं बोटांनी पाठ करून घ्यावं लागतं, फेसाखाली दिसत नाही.

तेव्हाच आमची खूण ठरली. थांबायचं असेल तर डावा हात वर. कुणाचंही ऐकणार नाही, तुमचा हात दिसला की मशीन बंद, असं मी म्हटलं. हो ताई म्हणाल्या.

आणखी एक मी मागितलं होतं. ब्लेड तापतं. चार-पाच मिनिटं सलग चालवलं की चटका बसण्याइतकं तापतं, म्हणून मी दोन मशीन ठेवते आणि मधे बदलते, आणि लावायच्या आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघते. डायरेक्टर म्हणाला मशीन बदलायची नाही, कंटिन्युइटी जाईल, एक काळी आहे एक सोनेरी आहे. मी ऐकलं. मी का ऐकलं? सगळं बोलून झालं होतं, तिसरी मागणी करायला जीभ उचलली नाही, एवढंच.

सुरुवात सुंदर झाली. कपाळावरून पहिला पट्टा गेला तेव्हा फ्लोअरवर सगळ्यांनी श्वास धरला होता. मॅडम वाचत होत्या, आवाज एकदम स्थिर. पर्सिस आधी ह्या कामाला हसतखेळत तयार झाली होती, मग रोज रोज डोकं करताना तिला भीती वाटायला लागली, केस परत आलेच नाहीत तर? तिने केसांचा विमा काढायचं मनावर घेतलं. तो इतका महाग निघाला की सोडून द्यावा लागला. मग बेव्हर्ली हिल्सच्या एका सलूनमधे टाळूची ट्रीटमेंट, सहा फेशियल, रोज घरी लावायची औषधं, खर्च स्टुडिओचा, असं सहा महिने तिने नेमाने केलं.

विम्याच्या वाक्यावर मॅडम थांबल्या. मी उजव्या कानाच्या वर होते. मला वाटलं पॉज घेतलाय, मोठ्या सूत्रसंचालक आहेत, पॉज कुठे घ्यायचा त्यांना कळतं. डावा हात वर आला नाही. पण कापडाखालून त्यांच्या उजव्या हाताने माझा एप्रन धरला. कॅमेऱ्याला दिसणारच नाही असा. घट्ट, लहान मूल गर्दीत आईचा पदर धरतं ना, तसा.

समोरून डायरेक्टर हाताने गोल गोल करत होता, चालू ठेव, चालू ठेव. एप्रन म्हणजे काही ठरलेली खूण नव्हती. मी मशीन बंद केली.

तो आवाज थांबला की किती शांतता होते ते सलूनवाल्यांनाच माहीत. मॅडम काही बोलल्या नाहीत. मी काही बोलले नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने 'कट' आलं आणि मग जे व्हायचं ते झालं. तू का थांबलीस, हात वर आला होता का, एवढा मोठा पॉज मिळाला होता आणि तू मशीन बंद केलीस. सगळ्या युनिटसमोर. मी उलट उत्तर दिलं नाही, कारण मॅडम तिथेच अर्ध्या डोक्याने बसल्या होत्या आणि माझ्या मते त्यांच्यावर शाल घालणं जास्त गरजेचं होतं. नुकतं कापलेल्या टाळूला एसी कसा लागतो, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच विचारा. एवढ्या माणसांत ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मॅडमनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. कॅमेरेही बंद करायला लावले, लाल दिवा गेला की नाही ते उठून स्वतः बघितलं. राहिलो आम्ही दोघी आणि माझी असिस्टंट. मग मला विचारलं, ताई, का थांबलात?

म्हटलं, तुम्ही एप्रन धरलात.

म्हणाल्या, मी?

खरंच आठवत नव्हतं त्यांना. माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मी विचारलं, लागलं का, मशीन गरम झाली होती का? म्हणाल्या नाही नाही. पण हे 'नाही नाही' मी ओळखते. एकोणीस-वीस वर्षांच्या असताना रॅम्पवर टाचणी रुतली तरी हसायचं, हे ज्यांना शिकवलेलं असतं त्या बायकांचं 'नाही नाही' वेगळंच असतं, खूप पटकन येतं.

राहिलेलं डोकं मी माझ्या पद्धतीने केलं. कात्री, दुसरी मशीन, गरम टॉवेल, फेस, बाबांचा वस्तरा (पातं नवीन, मूठ त्यांची). आधी केसांच्या ओघाने, उलटा हात फक्त शेवटी आणि तोही भोवऱ्यापाशी नाही. एकेका जागेला विचारत, इथे करू, आता मागे करू. त्या डोळे मिटून बसल्या आणि बोलत होत्या, पर्सिसबद्दलच. १९८० मध्ये जर्मनीत तिचा मोटारीचा अपघात झाला, डोक्यावर मोठा व्रण राहिला. मी म्हटलं व्रणावर केस येत नाहीत. म्हणाल्या हो ना, बघा, विमा काढायला बघितला केसांचा आणि झालं काय. १९८३ मध्ये तर बायपास. मग म्हणाल्या, ती कापलेले केस जपून ठेवायची. ताई, माझे?

माझ्याकडे देण्यासारखं फार नव्हतं. डायरेक्टरच्या पद्धतीने कापलेले केस जमिनीवर सगळे उलटेसुलटे, कुठली मुळं कुठलं टोक कळत नव्हतं, दानाला ते गेलेच नाहीत ह्याचा मला अजून राग आहे. दुसऱ्या बाजूची एक वेणी नीट मिळाली, ती त्यांना दिली.

टॉवेलने पुसताना उजव्या कानामागे, तिळाच्या जरा वर, एक लाल रेघ दिसली. बारीक. ब्लेडच्या रुंदीएवढी. फेसाने लाल होतं कधी कधी, एप्रन धरला तेव्हा मान जराशी वळली असेल त्यानेही होईल. चटक्यानेही होतं. मी तुरटीचं पाणी लावलं नाही, कारण ते झोंबलं असतं तर मला कळलं असतं, आणि त्या क्षणी मला ते कळून घ्यायचं नव्हतं. कोरफडीची जेल लावली. हे मी आजपर्यंत घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

मग मेकअपवाल्या दादाने टाळूचा रंग चेहऱ्याशी जुळवला (टाळू कायम चेहऱ्यापेक्षा फिकी, हिरवट असते, त्याने ते फार सफाईने केलं) आणि पुढचं शूट झालं. एपिसोडमध्ये पहिला पट्टा आहे, विम्याचं वाक्य आहे, त्याच्यावर तो पॉजही आहे, आणि तिथून सरळ पूर्ण गोट्यावर कट. लोक म्हणतात तो पॉज काय जबरदस्त आहे. मॅडम एका मुलाखतीत म्हणाल्या की एकदा बसले ती पूर्ण होईपर्यंत उठले नाही. ते खरंच आहे, लाल दिवा बघायला उठल्या तेवढंच. त्या लाइन प्रोड्युसरचा मला नंतर फोन नाही.

मॅडमचा आला. केस आता इंच-दीड इंच झालेत, मानेवर वेडेवाकडे वाढतात, येऊन नीट कराल का. रविवारी सकाळी जातेय. दोन्ही मशीन घेतल्यात, पण बहुतेक कात्रीनेच होईल. आधी उजवा कान पुढे दुमडून मागे बघणार आहे, आणि त्यांनी 'नाही नाही' म्हणायच्या आत दुसऱ्यांदा विचारणार आहे.