रामबागेतला पारा

इंदूरमधल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. जुनी घरं रिकामी व्हायला लागली की कपाटांतल्या, माळ्यांवरच्या बाटल्या आमच्या दारी येतात. कुणाच्या आजोबांचं फोटो धुण्याचं रसायन, कुणाकडचं तेजाब, कुणाकडचं मोरचूद. गेल्या डिसेंबरात रामबागेतला एक मुलगा अशीच एक बाटली टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. "मॅडम, पारा आहे. पणजोबा वैद्य होते, त्यांच्या रसशाळेतला. लॅबला उपयोगी पडेल म्हणून आणलाय."

पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. पाव लिटरची बाटली भरलेली असेल तर तिचं वजन तीन किलोंच्या पुढे जातं. ही तेवढी जड लागली नाही. काचेला आतून एक काळपट रेघ होती आणि पारा तिच्या बराच खाली होता. बूचही कुजलेलं.

"सांडला का?"

"थोडासा. परवा माळ्यावरून काढताना. पण साफ केलाय सगळा."

"कुठे सांडला?"

"आजींच्या खोलीत."

"आजी झोपतात कुठे?"

"तिथेच. पण त्यांच्या तोंडात वगैरे नाही गेला, आम्ही नीट बघितलं."

ही समजूत मला घरोघरी भेटते. पारा पोटात गेला की विष, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं तर गिळलेला पातळ पारा आतड्यांतून जवळजवळ शोषलाच जात नाही, बहुतेक तसाच बाहेर पडतो. घातक आहे ती त्याची वाफ. साध्या खोलीच्या तापमानालाही पारा हळूहळू हवेत उडत असतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसांतून थेट रक्तात उतरतो. तिथून मेंदू आणि मूत्रपिंडं. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, हिरड्या सुजणं हे सगळं सावकाश येतं, आणि म्हाताऱ्या माणसात त्याला वयाचं नाव देऊन सगळे मोकळे होतात.

मी पुढचा प्रश्न विचारला. "खोलीत हीटर लावता?"

"हो, रात्रभर. थंडी किती आहे."

ऊब वाढली की वाफही वाढते. मी त्याला तिथल्या तिथे घरी फोन लावायला सांगितला: हीटर बंद, पंखा लावायचा नाही, बाहेरच्या खिडक्या उघड्या, आतलं दार बंद, सगळ्यांनी बाहेर यायचं. मग पिशवीत हातमोजे, टॉर्च, ड्रॉपर, चिकटपट्टी, जाड पुठ्ठा, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या आणि गंधकाची पूड भरली आणि आम्ही निघालो.

आजी ओसरीवर शाल पांघरून बसल्या होत्या. शेजारी कामाच्या ताई उभ्या. झाडणं-पुसणं त्यांनीच केलं होतं, साध्या झाडूने. पाऱ्यावर झाडू फिरवला की एका थेंबाचे शेकडो होतात, आणि जितके बारीक कण तितका हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट, तो वाफ गरम करून खोलीभर फेकतो.

खोली अंधारी करून मी टॉर्च जमिनीला आडवा धरला. घरच्यांना स्वच्छ दिसणारी ती फरशी भिंतीपर्यंत चमकायला लागली. सांध्यांत मोहरीएवढे दाणे, पलंगाच्या पायाशी एक ओळ, संदुकीखाली बऱ्यापैकी मोठं थारोळं. मुलाचं "थोडासा" म्हणजे किती, याचा हिशोब मी त्याला तिथेच सांगितला. ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये पारा असतो अर्धा ते एक ग्रॅम. चहाचा एक चमचा पारा म्हणजे ६७-६८ ग्रॅम. संदुकीखालचाच चमचाभर होता.

दुपार त्यातच गेली. पुठ्ठ्याने दाणे एकमेकांकडे ढकलायचे, जुळले की ड्रॉपरने उचलून पाणी घातलेल्या बरणीत सोडायचे, बारीक उरले ते चिकटपट्टीला. सांध्यांत शेवटी गंधक भुरभुरलं. ते पाहून आजी म्हणाल्या, "म्हणजे कज्जली करताय. मामंजी खलात दिवसचे दिवस घोटायचे." रसायन त्यांनी बरोबर ओळखलं होतं, पारा आणि गंधक मिळूनच ती काळी कज्जली होते. पण घोटायला दिवस लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. नुसतं वरून टाकलेलं गंधक थेंबाच्या पृष्ठभागावर थोडंफार काम करतं, आतला पारा पाराच राहतो. म्हणून आधी वेचायचं, गंधक नंतर. गंधक टाकून खोली बंद करून निजणारी माणसं मी पाहिली आहेत.

आजींच्या एका पाटलीवर पांढरा डाग पडला होता. त्यांनी काही थेंब हातानेच उचलले होते. सोनं पाऱ्याला लगेच धरतं. पाटली काढून डबीत घातली आणि मुलाला बजावलं, सराफाकडे नेशील तेव्हा पारा लागलाय हे आधी सांग. नाहीतर तो डाग घालवायला ती विस्तवावर धरेल आणि वाफ त्याच्या नाकात जाईल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ताईंची. त्यांनी झाडलं, हाताने सुपलीत भरलं, आणि त्याच चपला घालून दोन दिवस घरी ये-जा केली. एका खोलीचं घर, रांगतं मूल. जमिनीलगत वाफ जास्त, आणि मूल तिथेच असतं. चपलेच्या खाचांत टॉर्च धरला तर दाणे दिसले. चपला, झाडू, सुपली आणि आजींच्या अंथरुणातली खालची गोधडी, सगळं जाड पिशव्यांत घालून तोंड बंद केलं. गोधडी धुवायची नाही, मशीनमध्ये तर नाहीच. मुलाने ताईंना नव्या चपला आणून दिल्या. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यापासून टॉर्च फिरवला. दाराजवळ दोनच कण सापडले. तेवढ्यावर निभावलं याचं मला आजही बरं वाटतं.

कुणी शहाण्याने आदल्या दिवशी सुचवलं होतं की गोळा केलेला पारा मोरीत ओता. आजींनी ते होऊ दिलं नव्हतं. "पारद शंकराचा. गटारात कसा टाकायचा?" त्यांच्या मनात होतं ओंकारेश्वरला नेऊन नर्मदेत सोडायचं. त्यांच्या श्रद्धेनेच तो पारा गटारापासून वाचला होता, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "आजी, ओंकारेश्वरचं पाणी खाली मंडलेश्वरकडे येतं, आणि तिथल्या जलूदहून उचललेलं नर्मदेचं पाणी आपल्या नळाला येतं." पारा मूलद्रव्य आहे. तो कुजत नाही, जळून संपत नाही, बुडवला तरी उरतोच. पाण्याच्या तळाशी जिवाणू त्याचं मिथिल पारा नावाचं विषारी संयुग करतात, ते माशांत साठतं, माशांतून माणसांत. जपानच्या मिनामाटात १९५६ साली उघडकीला आलेला आजार माशांतून गेलेल्या मिथिल पाऱ्याचाच, फक्त तिथे ते कारखान्याच्या सांडपाण्यातून थेट आलं होतं. त्या गावाचं नाव घेतलेल्या पाराविषयक कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. आजींनी ऐकून घेतलं आणि वेचलेल्या पाऱ्याच्या बरणीला हात जोडून ती माझ्या हवाली केली.

इंदूरला ओला, सुका कचरा वेगळा द्यायची सवय लागली आहे, आणि घरगुती घातक कचऱ्याचा कप्पाही गाडीला असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी फुटलेला थर्मामीटर, सीएफएल, ट्यूबलाइट यांना त्याच वर्गात घातलं. फुटका थर्मामीटर झाकणाच्या बरणीत घालून, वर 'पारा' असं लिहून, गाडीवाल्याला सांगून त्या कप्प्यात द्यावा. न सांगता सुक्या कचऱ्यात टाकला तर कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हातांत जातो. वैद्यबुवांची बाटली मात्र गाडीत देण्यासारखी नव्हती. ती, बरण्या आणि पिशव्या आमच्या स्टोअरमध्ये वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. कॉलेजच्या घातक रसायनांबरोबर नोंद करून त्या पीथमपूरच्या प्रक्रिया केंद्राकडे जातील.

आजी आणि ताई दोघींच्या लघवीतल्या पाऱ्याची तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी करून घेतली. ताईंची ठीक आली. आजींची वाढलेली होती. संपर्क तुटला की शरीर पारा हळूहळू बाहेर टाकतं, त्याला महिने लागतात. म्हणून औषध न देता डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी आकडा उतरला होता. आजी अजून पुढच्या खोलीत झोपतात. मागची खोली खिडक्या उघड्या ठेवून रिकामीच आहे.

हे कळल्यावर त्याच गल्लीतल्या एका निवृत्त डॉक्टरकाकांचा फोन आला. त्यांच्याकडे जुनी पाऱ्याची बीपी मशीन पडून आहे, भंगारात देणार होते. तीत शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो. मी त्यांना सांगितलं, "काका, आधी ती तिरपी करून पारा टाकीत उतरू द्या, खटका बंद करा, मगच हलवा. मी शनिवारी येते."