पगाराच्या रकान्यातलं शून्य

फंडिंगसाठी निघाले तेव्हा माझ्या एक्सेल शीटमध्ये माझा स्वतःचा पगार शून्य होता. आणि मला त्याचा चक्क अभिमान होता, की बघा आम्ही किती काटकसरीत चालवतोय. तिसऱ्या की चौथ्या मीटिंगला समोरच्या बाई शीट खाली स्क्रोल करत करत त्या ओळीवर थांबल्या आणि विचारलं, हे शून्य किती दिवस चालणार आहे? मी म्हटलं, गरज पडेल तितके दिवस. तर म्हणाल्या, "मग तुमचं मार्जिन खोटं आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी बसणारा माणूस काही फुकट बसणार नाही." पैसे त्यांनी दिले नाहीत, पण हे एक वाक्य देऊन गेल्या.

त्या रात्री मी त्या रकान्यात बाजारात मला जो पगार मिळाला असता तो टाकला, माझ्या को-फाउंडरचाही टाकला. नफ्यात दिसणारा धंदा एंटर दाबल्या दाबल्या तोट्यात. पहिल्यांदा पोटात गोळा आला, मग लक्षात आलं की तोटा आज झालेला नाहीये, तीन वर्षं होतोय, फक्त तो मी स्वतःच्या खिशातून भरत होते आणि त्याला काटकसर म्हणत होते.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि फॉलोअपचं सॉफ्टवेअर. तेव्हा ३१ ग्राहक होते. म्हणजे गुंतवणूकदाराकडे जायच्या आधी दर वाढवणं भाग होतं, कारण ज्याची किंमत मीच लावत नाही त्याची किंमत तिसऱ्याने येऊन लावावी ही अपेक्षा कशी करायची. नवीन ग्राहकांसाठी दर अडीच पट केला. पहिलं कोटेशन मीच टाइप केलं आणि खाली सवयीने एक ओळ लिहिली, "दराबाबत आपण चर्चा करू शकतो." को-फाउंडर मागे उभा होता. काही न बोलता हात पुढे करून त्याने ती ओळ डिलीट केली. मी परत लिहिली. त्याने परत उडवली. "अगं, त्यांनी अजून काही विचारलंसुद्धा नाहीये!" खरं होतं. पहिल्या पाच कोटेशनपैकी तीन मान्य झाली, त्यातल्या एकाने तर विचारलं की एवढ्यात सपोर्ट पण येतो ना, म्हणजे त्याला ते स्वस्तच वाटलं असणार. जुन्या ३१ जणांना सहा महिन्यांची नोटीस दिली, त्यातले चार सोडून गेले, आणि सपोर्टला सगळ्यात जास्त फोन कुणाचे यायचे तर त्या चौघांचेच.

मग खऱ्या मीटिंगा सुरू झाल्या. एकूण ४३ जणांशी बोललो. नकारांचं काही सांगत नाही, सगळ्यांचे सारखेच असतात, "अजून थोडं लवकर आहे" वगैरे. एअरबीएनबीची गोष्ट सगळे ऐकवतात, की २००८ मध्ये त्यांनी कंपनीची किंमत (व्हॅल्युएशन) १५ लाख डॉलर धरून दीड लाख डॉलर मागितले, सात जणांकडे गेले, पाच जणांनी नकार दिला आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही. ऐकायला छान आहे पण मला त्याचा आधार कधीच वाटला नाही, कारण ज्यांना सात नकार आले आणि पुढे काहीच झालं नाही त्यांचे ईमेल कोण छापतंय.

मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रत्येक मीटिंगनंतर को-फाउंडर आणि मी प्रश्न लिहून काढायचो, सहज, पुढच्या वेळच्या तयारीला. दहाएक मीटिंगांनंतर वही चाळली तर एक विचित्र प्रकार दिसला, त्याला विचारलेले प्रश्न असे की मार्केट किती मोठं होईल, पुढच्या वर्षी कुठे असाल. आणि मला विचारलेले असे की ग्राहक टिकतील कशावरून, मोठी कंपनी यात उतरली तर काय करणार. कंपनी तीच, डेक (दाखवायच्या स्लाइड्स) तोच. मला वाटलं मीच जास्त मनावर घेतेय. नंतर कळलं की यावर रीतसर संशोधन झालंय, २०१८ मध्ये छापून आलं. न्यूयॉर्कच्या टेकक्रंच डिसरप्ट या स्टार्टअपच्या स्पर्धेतली २०१० ते २०१६ ची प्रश्नोत्तरं तपासली होती, तर पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न वाढीबद्दलचे आणि बायकांना विचारलेले ६६ टक्के प्रश्न नुकसान कसं टाळाल याबद्दलचे. विचारणारे पुरुष असोत की बायका, फरक नाही. आणि मेख अशी की बचावाच्या प्रश्नाला माणूस बचावाचंच उत्तर देतो, मीही तेच करत होते. ज्यांनी तशा प्रश्नाला वाढीचं उत्तर दिलं त्यांना जास्त पैसे मिळालेले दिसले.

मग मी उत्तरं बदलली. ग्राहक सोडून जाणार नाहीत कशावरून, असं विचारलं की आधी खरा आकडा सांगायचा, दर वाढवल्यावर ३१ पैकी चार गेले, आणि श्वास न घेता पुढचं वाक्य, की उरलेले २७ नव्या दराने पैसे भरतात म्हणून आता एका ग्राहकामागे दोन शाखा जोडता येतात, त्यातून वर्षाअखेर अमुक होईल. खोटं काही नाही. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून खुर्चीत बसायचं.

पहिली टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली तेव्हा बँकेत पाच महिन्यांचे पैसे होते. खरे आकडे देत नाही, प्रमाण देते. प्री-मनी (पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत) ८, गुंतवणूक २, म्हणजे पोस्ट-मनी (पैसे आल्यानंतरची किंमत) १० आणि त्यांचा वाटा २० टक्के. आम्ही नाचायचेच बाकी होतो. सीए असलेल्या मैत्रिणीने चार पानं वाचून फोन केला, "अगं, दुसऱ्या पानावरचं वाचलंस का?" तिथे लिहिलं होतं २ एक्स पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स. म्हणजे कंपनी विकली तर आधी त्यांनी गुंतवलेल्याच्या दुप्पट घ्यायचं आणि वर उरलेल्यातही २० टक्के. तिने हिशोब करून दाखवला, समजा कंपनी ६ ला विकली. आधी ४ ते घेणार, उरलेल्या २ मधले ०.४ परत त्यांचेच. त्यांना ४.४, बाकी आम्ही सगळे मिळून १.६. साधं १ एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग असतं तर ते एकतर आपले २ परत घेणार किंवा वाट्याचे २० टक्के, जे जास्त असेल ते, म्हणजे इथे २, आणि आमच्याकडे ४ उरले असते. शीटवर मोठ्या अक्षरात ८ लिहून मान दिला होता आणि बारीक अक्षरात काढून घेतला होता.

आम्ही बदल मागितला. उत्तर आलं की हे आमचं स्टँडर्ड आहे, शुक्रवारपर्यंत सही करा. आता टर्मशीट बहुतेक बाबतीत बंधनकारक नसते पण नो-शॉपचं कलम बंधनकारक असतं, सही केली की ठरलेले दिवस दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. आमचं तेव्हा आणखी दोघांशी बोलणं चालू होतं.

इथे धाडस वगैरे शब्द वापरायला मला संकोच वाटतो कारण गुरुवारी रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलेय. पण नाही म्हणण्याआधी आम्ही बसून काही गोष्टी कागदावर लिहिल्या. घर गहाण टाकायचं नाही, कुठल्याही कर्जाला वैयक्तिक गॅरंटी द्यायची नाही. टीमचे पगार शेवटच्या दिवसापर्यंत दिलेच पाहिजेत, म्हणून दोन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात. आणि एक तारीख, तोपर्यंत काही झालं नाही तर फंडिंगचा नाद सोडून टीम अर्धी करायची आणि ग्राहकांच्या पैशावर जमेल तेवढं चालवायचं. ती तारीख टीमलाही सांगितली. हे सगळ्यात अवघड गेलं. मला वाटलं लोक दुसऱ्याच दिवशी सीव्ही पाठवायला लागतील. एकाने पाठवलाही, आम्हालाच सांगून, आणि तो गेला. बाकीचे थांबले.

शुक्रवारी सकाळी दोन ओळींचा नकार पाठवला.

दुसरी टर्मशीट तारखेच्या अकरा दिवस आधी आली. प्री-मनी ६, गुंतवणूक २, वाटा २५ टक्के. म्हणजे कागदावर आमची किंमत कमी झाली, पण प्रेफरन्स १ एक्स, नॉन-पार्टिसिपेटिंग. इथे गोम ऑप्शन पूलमध्ये होती. पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी १५ टक्के शेअर बाजूला ठेवायचे आणि ते सगळे प्री-मनीमधून, म्हणजे आमच्याच वाट्यातून. पोस्ट-मनी ८ चे १५ टक्के म्हणजे १.२, तेव्हा आमची खरी किंमत ६ नाही, ४.८. यावर नुसतं "जास्त आहे हो" म्हणून कुणी ऐकत नाही. आम्ही १८ महिन्यांत कोणाकोणाला घेणार, कुठल्या महिन्यात, प्रत्येकाला किती शेअर, याची यादी केली. बेरीज आली साडेसात टक्के. यादी समोर ठेवली, त्यांनी दोन नावांवर प्रश्न विचारले आणि ८ टक्क्यांवर तयार झाले. चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे शेअर एकदम नाही तर काम करत राहू तसतसे हक्काचे होणं, त्यांना आमच्यासाठीही नव्याने सुरू करायचं होतं, तिथे झालेल्या तीन वर्षांपैकी दोन धरून घेतली, तिसरं सोडून दिलं. खरं सांगायचं तर तोवर भांडायची ताकद संपली होती.

क्लोजिंगच्या आठवड्यात वकिलांकडून फॉर्म आला, फाउंडरचा मासिक पगार लिहा. मी शीटमधला आकडा टाकला. मग बघत बसले आणि हळूच दहा टक्के कमी केला. को-फाउंडर शेजारीच होता. म्हणाला, "कुणाशी घासाघीस करतेयस?" परत पहिला आकडा टाकला आणि डोळे मिटून सेंड केलं. वीस मिनिटांत उत्तर आलं की एक दुरुस्ती हवी आहे. छातीत धस्स झालं. उघडून बघितलं तर पत्त्यात पिनकोड राहिला होता.