पिंपावरचं झाकण

'आपले कार्य व कर्तृत्व' यावर शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. मी मात्र शाळेतल्या पाण्याच्या पिंपावरच्या जर्मनच्या झाकणाबद्दल लिहिणार आहे, म्हणजे बाईंबद्दल. कुठल्या बाई, ते माझ्या आगेमागे शिकलेल्यांना सांगायला नको.

नववीत होते. जानेवारी १९८९. स्नेहसंमेलनाच्या विनोदी नाटुकल्याची तालीम हॉलमध्ये चालली होती. आमटी खारट झाली म्हणून नवरा बायकोच्या थोबाडीत देतो, असा प्रसंग. बायको मी. नवरा झालेल्या वर्गमित्राचं टायमिंग झकास होतं (आता तो स्वतः आमटी करतो म्हणे). मी गिरकी घेऊन पडायचे आणि बघायला जमलेली 'ब' तुकडी खो खो हसायची. आम्ही दोघं खूश.

बाई म्हणाल्या, "परत." पुन्हा हशा. "परत." तिसऱ्यांदाही तेच. मग मला विचारलं, "तुला लागलं का गं?"

"नाही बाई, ॲक्टिंग आहे."

"मग पोरं हसतात ते बरोबरच आहे."

मला ते कौतुक वाटलं!

दोन दिवसांनी बाई वर्तमानपत्र घेऊन आल्या. दिल्लीजवळ साहिबाबादला पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला होता आणि दुसऱ्या दिवशी ते गेले होते. वय ३४. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री नाटकमंडळींसह त्याच जागी परत गेल्या आणि अर्धा राहिलेला प्रयोग त्यांनी पुरा केला. बाईंनी एवढं वाचलं, पेपराची घडी घातली आणि शिपाईमामांना पिंपावरचं झाकण आणायला सांगितलं.

थोबाडीत मारणं विंगेत गेलं. रंगमंचावर कुणी नाही, नुसता आतून झाकण पडल्याचा आवाज. ते फरशीवर गरगरत थांबेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद. संमेलनात सवयीने लोक आधी हसले. झाकण फिरत राहिलं, हसू आधी थांबलं. बायका बसल्या होत्या त्या बाजूला तर श्वासही ऐकू येत नव्हता. विंगेत मला कुणी हात लावला नव्हता, तरी मी गाल धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी तक्रार केली की विनोदाचा विचका झाला. बाई म्हणाल्या, "झाला खरा."

आज मी व्यावसायिक नाटकांत काम करते आणि घरातल्या मारहाणीविरुद्ध चौकात, एसटी स्टँडवर पथनाट्य करते. त्यात आजही मार दाखवत नाही, झाकण असतं. प्रयोगानंतर आम्ही डफ पिशवीत घालत असताना एखादी बाई जवळ येते आणि विचारते, "पुढचा कार्यक्रम कुठंय?" तिला वेगळंच विचारायचं असतं. बहुतेकींना नवऱ्याला तुरुंगात घालायचं नसतं. मार थांबावा आणि कुणी घराबाहेर काढू नये, एवढंच हवं असतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तेव्हापासून हे मागता येतं. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. मग आम्ही तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन जातो, अहवाल लिहून घेतो.

दोन्ही कसं सांभाळता, असं मुलाखतीत विचारतात. सांभाळत नाही. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम, आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे हिंसाविरोधी मोहिमेचे सोळा दिवस नेमके त्यातच. तारखांची वही बघून मॅनेजर डोक्याला हात लावतो. एका निर्मात्याला बायकोला चापट मारून हशा हवा होता. मी नको म्हटलं, तर आठवड्यात माझ्या जागी रिप्लेसमेंट उभी. त्याचं काही वाटलं नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एकीची कोर्टाची तारीख होती आणि माझा विदर्भाचा दौरा. 'तू जा, मी फोनवर आहे' म्हणाले. ती एकटी गेली, सासरच्यांनी गराडा घातला आणि तिने अर्ज मागे घेतला. त्या रात्री प्रयोग हाउसफुल्ल होता. नाईटही, म्हणजे प्रयोगाचं मानधन, वेळेवर मिळाली. बाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरी शाळेत आले होते. हॉलमध्ये पार्टिशन घालून संगणक कक्ष केलाय, पिंपाच्या जागी फिल्टर आहे. संमेलनात आता मुलं रेकॉर्डवर नाचतात. स्वतःच्या तोंडाने कुणी बोलत नाही. कार्यकारिणीला राग आला तरी चालेल, पण ते पार्टिशन काढा.

महोत्सवाच्या दिवशी रात्री कोल्हापूरला माझा प्रयोग आहे, चारपर्यंत थांबता येईल. बाईंना आणायला गाडी पाठवणार असाल तर मला आधी कळवा. मी त्याच गाडीतून येईन.