वकीलपत्रापुरतं माणूसपण

मालविक्रीच्या कायद्यावरच्या ‘बेंजामिन ऑन सेल’ या प्रसिद्ध ग्रंथाचं नाव निघालं की कुणीतरी विचारतंच: ‘गुलाम हाही माणूसच’ असं कोर्टात मांडणाऱ्या त्याच्या लेखकाने, अमेरिकन वकील ज्यूडा बेंजामिनने, स्वतःच्या उसाच्या मळ्यावर 140 च्या आसपास गुलाम कसे बाळगले? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहितो.

आधी तो युक्तिवाद नीट बघा. 1841 च्या नोव्हेंबरात ‘क्रिओल’ हे जहाज 135 गुलाम घेऊन व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लीन्सला चाललं होतं. मॅडिसन वॉशिंग्टनसह 19 जणांनी ते ताब्यात घेतलं आणि बहामातल्या नासाऊला नेलं. तिथे ब्रिटिश अंमल, गुलामगिरी 1834 मध्येच संपलेली. जहाजावरचे बहुतेक सगळे सुटले. मालकांनी विमा कंपन्यांकडे भरपाई मागितली, आणि सगळा वाद एका प्रश्नावर आला: नुकसान कशामुळे झालं? मालक म्हणत, परक्या सरकारने मध्ये हात घातला म्हणून. कंपन्यांचा वकील बेंजामिन म्हणाला, बंडामुळे, म्हणजे भरपाई कंपन्यांवर येत नाही. नासाऊ दिसण्याआधीच गुलाम हातचे गेले होते. मग बंडाचा दोष मालकावर कसा ढकलायचा? ते गाजलेलं वाक्य इथे लागतं. गुलामालाही मन आहे, तो झुरतो, सुडाने पेटतो, स्वातंत्र्याची आस धरतो. म्हणजे त्याला दाटीवाटीने, ढिल्या पहाऱ्यात नेलं तर काय होईल, हे मालकाला कळायला हवं होतं. कापसाच्या गाठी बंड करत नाहीत. शिवाय गुलामगिरी निसर्गाच्या कायद्यात नाही, ती फक्त स्थानिक कायद्याने टिकते. नासाऊत तो कायदाच नव्हता. 1845 मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात कंपन्यांची सरशी झाली.

पूर्वी मी यात त्याची सदसद्विवेकबुद्धी शोधायचो. चूक होती. माणूसपण इथे पॉलिसीच्या कलमापुरतं आलं, अशिलाचे पैसे वाचवायला. पण मग एवढं अचूक वर्णन कुठून आलं? न पटलेलं कुणी इतकं नेमकं लिहितं का? वकील लिहितात, हेही खरं.

घरातही असाच गुंता. 1833 मध्ये नताली सेंट मार्टिनशी लग्न झालं, 1843 मध्ये मुलगी निनेट झाली, आणि पुढच्या काही वर्षांतच मायलेकी पॅरिसला जाऊन राहिल्या. हा इकडे खर्च पाठवत राहिला, भेट उन्हाळ्यातली. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा पराभव झाल्यावर इंग्लंडला पळाला, पन्नाशी उलटल्यावर नव्याने बॅरिस्टर झाला आणि 1868 मध्ये विक्रीवरचा तो ग्रंथ काढला.

त्याआधीची एक गोष्ट मात्र मला अजून छळते. 1865 च्या फेब्रुवारीत, दक्षिणेचा परराष्ट्रमंत्री असताना, याच माणसाने रिचमंडच्या जाहीर सभेत सांगितलं की जे गुलाम आपल्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करा. पुन्हा गरजेपोटीच? बहुधा. स्वतःचे कागद त्याने जाळून टाकले, त्यामुळे त्याला उलटतपासणीला उभं करता येत नाही.