डुंगरवाडीच्या भिंतीबाहेरून

गावदेवीतून केम्प्स कॉर्नरला आलं की पुलापलीकडे एकदम रान दिसतं. पन्नासेक एकरांचं, बिल्डरच्या तावडीतून सुटलेलं. ही पारशांची डुंगरवाडी. आत दख्मे आहेत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायचे गोल मनोरे. तिथं परक्यांना मज्जाव, आणि तो असावाच. मी आणि मामा भिंतीच्या कडेकडेनं चढ चढून हँगिंग गार्डनला गेलो.

मामांचं बालपण गिरगावातलं. म्हणाले, "इथं वर गिधाडांचं रिंगण असायचं. तू नुसत्या घारी बघतोयस." बागेखाली पाण्याची टाकी आहे. गिधाडांच्या चोचीतलं काही पाण्यात पडू नये म्हणून ती झाकली, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं असो, पण अशी गोष्ट रचली जावी इतकी गिधाडं होती!

मग जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायला लागले. औषध अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर डुंगरवाडीचं आभाळ रिकामं झालं होतं. मग मृतदेह उन्हानं सुकावेत म्हणून दख्म्यांवर सौर परावर्तक बसवले. पावसाळ्यात त्यांचा काय उपयोग?

आत पक्षिगृह बांधून गिधाडं पाळायची, ही योजना २०१२च्या सुमारास बरीच गाजली. पक्षी काही आले नाहीत. मला विचाराल तर खरी अडचण पिंजऱ्याची नव्हतीच. माणसांसाठी डायक्लोफिनॅक आजही चालतं, मामांच्या गुडघ्याची गोळीही तीच. शेवटच्या आजारात वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला 'पक्ष्यांसाठी ही गोळी नको' असं कोणत्या घरच्यांनी सांगायचं?

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली, आधी तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यात रुळू दिली, मग पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडली. ताडोबातलं पांढऱ्या पाठीचं एक थेट तामिळनाडूत पोचलं आणि विजेचा झटका लागून मेलं. मादी वर्षाला एकच अंडं घालते. असं एकेक गिधाड गमावणं परवडणारं नाही. पण त्याची भरारी बघा! रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला याच जातीची गिधाडं घरटी करतात. तिथून मलबार हिल म्हणजे त्यांना किती लांब? कुणी पेटीत घालून आणायलाच हवं असं नाही. मुंबईभोवतीच्या गोठ्यांत कोणती इंजेक्शनं टोचली जातात, हे आधी बघायला हवं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या तशाच वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, तेव्हा पर्याय नाही ही सबब चालणार नाही.

पाऊस सरला की चिरगावला जायचं ठरलंय. मामा तयार आहेत, फक्त चढ नको म्हणाले.