ते पांढरे डाग मी का खरवडत नाही

दारातल्या आंब्याच्या खोडावर करड्या-पांढऱ्या चकत्या आहेत. घरी आलेलं माणूस चहा घेता घेता तिकडं बघतं आणि विचारतं, "ताई, झाडाला खरूज झाली की! औषध मारत नाहीत का?" दूधवाल्यानं विचारलं, नणंदेनं विचारलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या पोरानं तर विचारायच्या आधीच चाकू काढला होता. "रोग नाही तो," एवढंच मी प्रत्येकाला सांगते. ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसतं, आणि जाताना पुन्हा तेच, "तरी एकदा दाखवून घ्या." तुम्ही इतक्या वेळा विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

ते दगडफुलाच्या गोतातलं आहे. काळ्या मसाल्यासाठी आपण तेलात परततो ना, वरून करडं, खालून काळं, हातात चुरगळणारं, तेच दगडफूल. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात, इंग्रजीत लायकेन. मसाल्याचं हिमालयातून आणि दक्षिणेतल्या डोंगरांवरून येतं, पानासारखं सुटं वाढतं. परभणीच्या कोरड्या हवेत वाढणारं सालीला असं चिकटून बसतं की नखानं कड उचलत नाही. तीस वर्षं मी दगडफूल डब्यात भरून ठेवलं, पण दारात उगवलेलं त्याचं भावंड मला ओळखता आलं नाही.

यात दोन जीव एकत्र राहतात. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. आत राहणारं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर दोघांचं भागतं. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकात हे मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या जाणकारांनाही ते पटलं नव्हतं. झाडाकडून त्याला बसायला जागा तेवढी लागते. त्याला मुळं नसतात, झाडाचा रस ते ओढत नाही. पाणी आणि क्षार पावसातून, दवातून, धुळीतून घेतं. म्हणून तर आमच्या आवाराच्या काळ्या दगडावरही ते आहे, तिथं पिवळं-नारिंगी. दगडाला कुठला आलाय रस!

हे सगळं मला 2016 च्या उन्हाळ्यात माहीत असायला हवं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. आमचा बोअर फेब्रुवारीतच आटला होता. अंगणात मोसंबीचं झाड होतं, 1998 साली सासऱ्यांनी लावलेलं. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. दरवर्षी मृगाच्या आधी ते मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो पेस्ट करायचे आणि कमरेएवढ्या खोडाला लावायचे. त्या पट्ट्यात कधी काही उगवलं नाही. वर फांद्यांवर मात्र पांढऱ्या चकत्या होत्या, वर्षानुवर्षं, आणि पानांच्या गर्दीत कुणाला दिसतही नव्हत्या.

एप्रिलमध्ये पानं गळाली, फांद्या उघड्या पडल्या, आणि त्या चकत्या मला एकदम दिसल्या. मला वाटलं, महिनाभरात झाड व्यापलं यांनी. मोबाइलवर फोटो काढून एका कृषी सेवा केंद्रात दाखवला. तिथल्या माणसानं झाड पाहिलं नाही. "डिंक्या असेल, खरवडून पेस्ट लावा," म्हणाला.

इथं मला माझी बाजू मांडायचीच आहे. डिंक्या मोसंबीचा खरा रोग आहे, आणि त्यात सडलेली साल खरवडून पेस्ट लावावीच लागते. मामांनी स्वतः एकदा केलं होतं. म्हणजे मी काही खुळ्यासारखं वागले नाही. पण डिंक्यात साल फुटून डिंक वाहतो, आणि माझ्या झाडावर डिंकाचा एक थेंब नव्हता. ते मी पाहिलं नाही. रोग ठरवला आणि मग झाडाकडं गेले.

तारेचा ब्रश आणि खुरपं घेऊन सकाळी सातला सुरुवात केली. चकत्या निघेनात. जोर लावला. मोसंबीची साल पातळ, चकत्यांबरोबर तीही निघायला लागली, खाली हिरवं दिसलं, काही ठिकाणी पांढरं लाकूड. मला तर ते बरं वाटत होतं, आतलं निरोगी लाकूड लागलं म्हणून. मामा पडवीतून काठी टेकत आले. तेव्हा ते ऐंशीच्या पुढं होते. "काय करायलीस?" त्यांनी विचारलं. "रोग काढायले, मामा." ते झाडाभोवती एक फेरी मारून आले, खालची एक खपली उचलून हातावर घेतली आणि म्हणाले, "समदं खरवडलंस?" मी हो म्हटलं. ते परत जाऊन बसले. त्या दिवसापासून आंघोळीचं पाणी ते बादलीत धरून ठेवायचे आणि मोसंबीला घालायला लावायचे. मला काही बोलले नाहीत.

दिवाळीपर्यंत झाड वाळलं. तोडायला माणूस आला तेव्हा दोन फांद्यांच्या बेचक्यात एक चकती सापडली, माझा ब्रश तिथं पोचला नव्हता. ती मी चाकूच्या टोकानं अलगद उचलली. खालची साल धड होती. भोक नाही, सड नाही, काळेपणा नाही. वीतभर अंतरावर मी खरवडलेली जागा, ती काळी पडून फाटली होती.

झाड दुष्काळानं गेलं, असं घरचे म्हणतात. गल्लीतली आणखी दोन मोसंबी त्याच वर्षी गेली, त्यांना कुणी हात लावला नव्हता. हे मीही स्वतःला सांगते. मग दुसरं मन म्हणतं, ती झाडं आपली आपण गेली, तुझं तू सोललंस. मामा 2019 मध्ये गेले. त्यांना काय वाटत होतं, हे विचारायचं राहिलं.

तुमचा दुसरा प्रश्न, "मग ही चांगल्या हवेची खूण ना?" तसंही सरसकट नाही. शैवाकांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये पॅरिसबद्दल लिहिलं होतं की धुराच्या शहरात शैवाकं नाहीशी होतात, आणि गंधकाचा धूर त्यांना मारतो हे खरंच आहे. पण सगळी सारखी नाजूक नसतात. महाबळेश्वरला झाडावरून दाढीसारखं लोंबतं ते आपल्याकडं टिकणार नाही. आमच्या आंब्यावरच्या करड्या चकत्या रस्त्याकडेची धूळही सोसतात. तेव्हा माझ्या दारची हवा शुद्ध आहे, असा दावा मी करणार नाही.

ओळखायचं असेल तर बोट लावून बघा. पिठ्या ढेकूण दाबला की फुटतो, चिकटतो. भुरी बोटाला पिठासारखी लागते. ही चकती जागची हलत नाही. मग तिच्यावर वाटीभर पाणी ओता आणि तिथंच थांबा. करडा रंग बघता बघता हिरवट होतो, कारण ओली झाली की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ दिसतं. 2017 च्या पहिल्या पावसात मी हे आंब्यावर पहिल्यांदा पाहिलं, आणि भिजत उभी राहिले. आठ महिने कोरड्या पडलेल्या चकत्या माझ्या डोळ्यांसमोर रंग बदलत होत्या.

मसाल्यासाठी मात्र खरवडू नका. कुठली जात आहे ते आपल्याला कळत नाही, आणि ती वाढते वर्षाला काही मिलिमीटर. एका चकतीवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून मी दर नागपंचमीला पेनानं तिची कड काढते. रेघा एकमेकींना जवळजवळ चिकटल्यात.

यंदा आंब्याची उगवतीकडची फांदी विरळ झालीय, आणि तिच्यावरच्या चकत्या जास्त दिसायला लागल्यात. काल नणंद म्हणाली, "बघ, मी सांगत होते." मी शिडी लावून चढले, खोडकिड्याचं भोक आहे का, भुसा पडतोय का, ते पाहिलं. सापडलं नाही. बुंध्याभोवती आळं करून पाणी सोडलंय. चकत्यांना हात लावलेला नाही. फांदीला मोहर येतो का, ते माघात बघू.